कार्यक्रम चालला म्हणजे नेमकं काय चाललं?

सामाजिक कार्यक्रमांच्या मूल्यमापनाचा एक साचा पुण्यातल्या संस्थांना तोंडपाठ आहे. आधी बेसलाइन म्हणजे सुरुवातीची मोजणी, मग दोन-तीन वर्षं काम, मग एंडलाइन म्हणजे शेवटची मोजणी, दोन आकड्यांची वजाबाकी आणि शेवटी फोटोसकट चार केस स्टडी. वजाबाकी चांगली आली की देणगीदार खूश, संस्था खूश. मग कुणीतरी विचारतं, 'हेच काम वाघोलीत केलं तर चालेल का?' आणि जाडजूड अहवालात त्याचं उत्तर काही सापडत नाही. फरक किती पडला हे नीट मोजलेलं असतं. तो कुणी पाडला आणि का पाडला, हे कुणी विचारलेलंच नसतं.

या क्षेत्रातले लोक ज्याला मेकॅनिझम म्हणतात ते हेच. रे पॉसन आणि निक टिली या ब्रिटिश अभ्यासकांनी 1997 मध्ये त्याची जी मांडणी केली तिचा गाभा असा: कार्यक्रम स्वतः काही घडवत नाही. तो माणसांपुढे काहीतरी ठेवतो. पैसा, माहिती, एखादी सोय, दंडाची धास्ती. माणसं त्यावर आपापला हिशेब करतात आणि वागणं बदलतात, किंवा बदलत नाहीत. हिशेब कसा बसेल ते परिस्थितीवर ठरतं. म्हणून परिस्थिती, मेकॅनिझम आणि परिणाम असे तीन रकाने. ऐकायला सोपं वाटतं, पण भरायला बसलं की मधल्या रकान्यात हमखास 'प्रशिक्षण', 'पथनाट्य', 'डबेवाटप' येतं. ती आपण काय काय केलं याची यादी झाली. समोरच्याने काय केलं आणि कशापायी केलं, ते तिथे यायला हवं.

ओळखायची एक खूण आहे. थिअरी ऑफ चेंजच्या, म्हणजे 'हे केलं की ते घडेल' असं बाण काढून दाखवणाऱ्या कागदावरून 'जनजागृती', 'सक्षमीकरण' आणि 'क्षमता बांधणी' हे शब्द खोडायचे आणि उरलेलं वाक्य कर्ता घालून पुरं करायचं. कोणत्या माणसाने, कोणत्या कारणासाठी, काल करत नव्हता असं काय आज केलं? हे लिहिता आलं नाही तर तो बाण कागदावर नुसताच काढलेला आहे. आणि खरं सांगायचं तर बहुतेक कागदांवरचे निम्मेअधिक बाण तसेच असतात.

कचऱ्याचंच उदाहरण घेऊ, पुणेकराला त्याची प्रस्तावना लागत नाही. 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. त्या कामातून आलेल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने 2008 मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली. घरटी दरमहा शुल्क कचरावेचकाला मिळतं, आणि सुका कचरा विकून येणारे पैसेही तिचेच. 2016 च्या घनकचरा नियमांनी घरातच ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग वेगळे करायला सांगितलं होतं. आता समजा, एका प्रभागात सहा महिने वर्गीकरणाची मोहीम चालली आणि शेवटी वर्गीकरण खरोखर सुधारलेलं दिसलं. का सुधारलं?

निदान चार उत्तरं संभवतात. एक, लोकांना पटलं. दोन, दंडाची पावती फाटेल म्हणून लोक घाबरले. तीन, कचरावेचक ताई मिसळलेली पिशवी उचलेना, ती दारातच ठेवून पुढे जाऊ लागली. भाजीच्या पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला भाव देत नाही, त्यामुळे तिचं पोट त्यावर आहे. आणि चौथं उत्तर फार चकवणारं: घराघरांत काहीच बदललं नाही, ताईच ढकलगाडीशेजारी बसून सगळं निवडते, आणि मोजणी फीडर पॉइंटवर, म्हणजे गोळा केलेला कचरा महापालिकेच्या गाडीत चढतो तिथे, झाल्यामुळे श्रेय मोहिमेला जातं.

चारही उत्तरांनी आलेख सारखाच वर जातो, पण मागे खुणा वेगवेगळ्या राहतात. दंडामुळे झालं असेल तर पावत्या फाडणं थांबल्यावर काही आठवड्यांत गाडी मूळपदावर येईल, आणि निरीक्षक जिथे कधी फिरकलाच नाही त्या गल्लीत सुधारणा दिसणार नाही. ताईच्या नकारामुळे झालं असेल तर दारातून कचरा घेतला जातो तिथे सुधारणा दिसेल. मोठ्या टॉवरमध्ये हाउसकीपिंगवाला मजल्यामजल्यावरून पिशव्या खाली नेतो आणि ताई बेसमेंटमधल्या ड्रमवरून उचलते, तिथे ती दिसणार नाही. कारण नकार स्वयंपाकघरापर्यंत पोचायला वाटच नाही. पटलं म्हणून झालं असेल तर दार काय, ड्रम काय, फरक पडू नये. आणि चौथ्यासाठी एकाच इमारतीचा कचरा दोनदा तपासायचा: घरातून बाहेर पडताना आणि फीडर पॉइंटवर पोचल्यावर. पहिल्या तपासणीत घाण आणि दुसऱ्यात स्वच्छ, म्हणजे निकाल लागला.

याहून चांगली संधी आयती मिळते. ताई आषाढीच्या वारीला किंवा गावच्या जत्रेला जाते, आठ-दहा दिवस बदली बाई येते. बदलीला घरं माहीत नसतात, भांडण नको म्हणून ती मिळेल ते घेते. त्या दिवसांत वर्गीकरण ढासळलं आणि ताई परतल्यावर सावरलं, तर तिसऱ्या उत्तराचं वजन चांगलंच वाढतं. अशा तारखा आधी हेरून मोजणी त्यांच्या अलीकडे-पलीकडे लावावी. वेगळा खर्च येत नाही, फक्त वेळापत्रक कार्यालयाच्या सोयीने न आखता ताईच्या रजेवरून आखावं लागतं.

आता घराच्या आत. मोहिमेची मीटिंग सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी होते. चेअरमन, सेक्रेटरी आणि काही सभासद येतात. पत्रकं घेतात, प्रश्न विचारतात, एंडलाइनच्या प्रश्नावलीत सगळी उत्तरं बरोबर देतात. पण अनेक घरांत केर काढणारी, ओट्यावरची सालं गोळा करणारी, दूध पिशवी कुठे टाकायची ते त्या क्षणी ठरवणारी व्यक्ती म्हणजे कामाला येणाऱ्या मावशी. त्या सकाळी चार घरं करतात, प्रत्येक घरी वीस-पंचवीस मिनिटं. सिंकखाली एकच डबा असेल तर सगळं त्यातच जातं, दुसरा डबा बाल्कनीत असेल तरी तेच. माहिती एका डोक्यात आणि हात दुसऱ्याचे. सर्वेक्षणात 'जाणीव' वाढलेली आणि पिशवीत काहीच बदल नाही, हे कोडं बऱ्याचदा इथे सुटतं. म्हणून घरभेटीत पहिला प्रश्न 'तुम्ही कचरा वेगळा करता का' हा ठेवूच नये. 'आज सकाळी डबा कुणी रिकामा केला, आणि तो कुठे ठेवलेला असतो, दाखवता का' इथून सुरुवात करावी.

याच जातीचं एक गाजलेलं उदाहरण आपल्या उपखंडातलंच आहे. तामिळनाडूत 1980 पासून चाललेल्या पोषण प्रकल्पात आयांना आहाराचं शिक्षण आणि कुपोषित मुलांना पूरक आहार, अशी जोडी होती. तिथे यश आलं असं मानून त्याच धर्तीवर 1995 मध्ये बांगलादेशात प्रकल्प उभा केला गेला, आणि कुपोषणावर अपेक्षेइतका परिणाम दिसला नाही. कारणं शोधल्यावर लक्षात आलं की तिथल्या अनेक घरांत बाजारहाट पुरुष करतात आणि एकत्र कुटुंबात कुणाच्या ताटात काय पडेल ते सासू ठरवते. शिक्षण मिळालं सुनेला. शिवाय पूरक आहार मिळतो म्हणून घरच्या ताटात तेवढं कमी वाढलं जाई. 'आईला शिकवलं की मूल सुधारतं' या वाक्यात 'आईच्या हातात ताट असतं' ही अट दडलेली होती. तामिळनाडूत ती पुरी होत होती, म्हणून कुणाला ती लिहावीशी वाटली नाही.

मोजमापाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मेकॅनिझमच्या गप्पा मोजणी चुकली की वाया जातात. घरांच्या पिशव्या ताडपत्रीवर ओतायच्या, हातमोजे घालून निवडायच्या, लटकत्या काट्यावर तोलायच्या, इथपर्यंत सगळे करतात. मग 'ओल्यात मिसळलेला सुका' वजनाच्या टक्क्यांत काढतात आणि तिथे फसतात. दोन किलो ओल्या कचऱ्यात शाम्पू-मसाल्याच्या पाच-सहा पुड्या पडल्या तर वजनात जेमतेम एक टक्का, पण खताच्या दृष्टीने ती पिशवी खराबच. तेव्हा वजन आणि नग, दोन्ही लिहायचे. दुसरं, ऋतू. मे महिन्यात आंब्याच्या कोयी-सालींनी ओला कचरा जड होतो, जुलैत पावसाने भिजून आणखी जड. दिवाळीआधीच्या आवराआवरीत सुक्याचा डोंगर. मेमध्ये बेसलाइन आणि ऑक्टोबरअखेर एंडलाइन केली तर सुक्याचं प्रमाण काही न करताही वाढलेलं दिसेल. तोच महिना, आठवड्याचे तेच वार, आणि गणपतीचे दहा दिवस टाळून, एवढं तरी पाळावं. सॅनिटरी पॅड-डायपर वेगळे गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची पद्धत पुण्यात रुजवली गेली आहे. तो ठिपका मोजायला सोपा आणि खोटा काढायला कुणाला काही कारण नाही, म्हणून खूण म्हणून चांगला.

पुरावा गोळा झाला की तो तोलायचा कसा? प्रोसेस ट्रेसिंगवाले, म्हणजे एखाद्या घटनेमागचं कारण पुराव्यांच्या मागावरून शोधणारे, यासाठी पुराव्याच्या जाती पाडतात. त्यातल्या दोन रोजच्या कामाला पुरतात. एका जातीचा पुरावा नसेल तर स्पष्टीकरण बाद होतं, पण असला म्हणून सिद्ध होत नाही. याला हूप टेस्ट म्हणतात. ताईने पिशवी नाकारलीच नसेल तर तिसरं उत्तर तिथेच संपलं. दुसऱ्या जातीचा पुरावा सापडला तर जवळजवळ सिद्ध, नाही सापडला तरी बाद नाही. ही स्मोकिंग गन. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आज पुन्हा पिशवी दारात ठेवली, आता दुसरा डबा आणलाय' असा त्याच आठवड्यातला निरोप असेल तर तो या जातीचा. जाती लक्षात राहिल्या नाहीत तरी चालेल, प्रत्येक पुराव्याला एक प्रश्न मात्र विचारायचाच: माझं स्पष्टीकरण खोटं असतं तरी हे दिसलं असतं का? 'आम्ही पर्यावरणासाठी करतो' हे वाक्य कोणत्याही परिस्थितीत ऐकायला मिळालंच असतं. वहीत उतरवून घ्या हवं तर, पण त्यावर काही उभारू नका.

मुलाखतीचंही तसंच. 'कार्यक्रमाने तुम्हाला काय फायदा झाला' या प्रश्नाला आपल्याकडे पाहुण्याला चहा विचारावा तितक्या सवयीने चांगलं उत्तर मिळतं. त्याऐवजी दोन परस्परविरोधी स्पष्टीकरणं समोर ठेवावीत: 'काही ठिकाणी लोक म्हणतात की दंडामुळे झालं, काही म्हणतात ताई पिशवी घेईना म्हणून झालं, तुमच्याकडे कसं?' एकच ठेवलं तर माणूस मान डोलावतो. उत्तर आलं की लगेच प्रसंग मागायचा, शेवटचा कधी घडला, कोण होतं, मग काय केलं. प्रसंग सांगता आला नाही तर मत म्हणून नोंदवायचं, घटना म्हणून नाही. एफजीडीत, म्हणजे गटचर्चेत, हे जमत नाही. तिथे जो पहिला बोलतो त्याचीच री इतर ओढतात. माझ्या मते मेकॅनिझम शोधायला एफजीडी हे सगळ्यात कमी उपयोगाचं साधन आहे, आणि नेमकी तीच प्रत्येक प्रस्तावात असते.

निवडही सरासरीसाठी करू नये. कार्यक्रम पूर्ण पोचूनही काही घडलं नाही अशी ठिकाणं आणि कार्यक्रम न पोचताच सुधारणा झाली अशी ठिकाणं, ही दोन टोकं आधी पाहावीत. संस्था आपणहून पहिल्या प्रकारची यादी देत नाही. ती मुकादमाकडे मिळते.

इतकं वाचून कुणाला वाटेल की हे सगळं यादृच्छिक चाचण्यांच्या, म्हणजे कार्यक्रम कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवणाऱ्या आरसीटीच्या विरोधात आहे. तसं मुळीच नाही. चांगली आखलेली चाचणी मेकॅनिझमही उलगडते. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला लसीकरणाचा अभ्यास पाहा. नुसत्या तुलनेच्या गावांत 6 टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं, दर महिन्याला न चुकता शिबिर भरलं तिथे 18 टक्के, आणि शिबिराबरोबर प्रत्येक लशीला एक किलो डाळ व सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला तिथे 39 टक्के. मधला गट नसता तर सगळं श्रेय डाळीला गेलं असतं. त्याच्यामुळे कळलं की नर्स ठरल्या दिवशी खरंच येते, एवढ्यानेही बरंच हलतं. आणि डाळीचा जोर दिसला तो मुख्यतः सुरू केलेला क्रम पुरा करण्यात. म्हणजे आईबापांचा लशीला विरोध नव्हता, 'पुढच्या महिन्यात बघू' चाललं होतं. विरोध असता तर किलोभर डाळीने तो मोडला नसता. डाळ दुसरं काम नकळत करून गेली: नर्सचा दिवसाचा खर्च तोच, पण मुलं जास्त आली, म्हणून पूर्ण लसीकरण झालेल्या दर मुलामागचा खर्च डाळीचे पैसे धरूनही कमी पडला.

पाण्याचं उदाहरण याहून किचकट, आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे, पुरंदर-बारामतीच्या जिरायती पट्ट्यात, रोज डोळ्यांपुढे असतं. डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार अभियान जाहीर झालं, वर्षाला 5000 गावं, 2019 पर्यंत टंचाईमुक्ती. 2015 चा पावसाळा कोरडा गेला, 2016 चा चांगला झाला. तेव्हा 2015 आणि 2016 च्या विहिरींची तुलना केली तर एकही बंधारा नसलेल्या गावातही पाणी चढलेलं दिसणार. हा दोष सगळ्यांना कळतो, पावसाचा हिशेब घालून तो काढताही येतो. त्यापुढे मात्र थोडेच जातात.

साखळी अशी: काम झालं, पाणी अडलं, अडलेलं मुरलं, मुरलेलं विहिरीत आलं, आलेलं उन्हाळ्यापर्यंत टिकलं. पाच कड्या, आणि प्रत्येक तुटण्याचं कारण वेगळं. आपला खडक बेसाल्ट. वरचा कुजलेला, भेगाळलेला थर पाणी धरतो आणि खालचा घट्ट खडक धरत नाही. नाला खोल करताना पोकलेनने वरचा थर खरवडून घट्ट खडक उघडा पाडला तर पाणी अडतं, दिसायला झकास, पण मुरत नाही आणि उन्हात उडून जातं. ही तिसरी कडी. ती तपासायला पाऊस थांबल्यावर दर आठवड्याला बंधाऱ्यातल्या पाण्याची पातळी आणि शेजारच्या विहिरीची पातळी एकत्र लिहायची. बंधारा भरलेला आणि विहीर ढिम्म, तर समजावं.

पाचवी कडी तर सरकारी नोंदींतूनच बरीचशी वाचता येते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जिचं मुख्यालय पुण्यातच आहे, निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. पावसाचा हिशेब घालून ऑक्टोबरची पातळी वर आली पण मेची आली नाही, तर बंधाऱ्यांनी आपलं काम केलं, पाणी मधल्या सात महिन्यांत उपसलं गेलं. दोन्ही आल्या नाहीत तर दोष वरच्या कड्यांत. एकट्या मेच्या आकड्यावरून 'काम निकृष्ट' असा शेरा मारला तर खरं कारण हुकतं: पाणी आलं हे पाहूनच नवीन बोअर पडली आणि बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. इथे कार्यक्रमाच्या यशातूनच त्याला खाणारा दुसरा मेकॅनिझम सुरू झाला. त्याचा माग साखर कारखान्याच्या ऊसनोंदीत, बोअरच्या गाडीवाल्याकडे आणि नवीन वीजजोडण्यांत लागतो. 'टँकर किती कमी झाले' हा सगळ्यांचा लाडका निर्देशक मात्र जपून वापरावा. टँकर प्रस्तावावर आणि मंजुरीवर चालतो, तहानेवर नाही. गाव टंचाईमुक्त जाहीर झाल्यावर तिथला प्रस्ताव पुढे सरकायला जड जातो, आणि आकडा कागदावर खाली येतो.

व्यवहाराची बाजू. टीओआरमध्ये, म्हणजे मूल्यमापनाचं काम सोपवतानाच्या अटींच्या कागदात, बहुधा सगळा वेळ सर्वेक्षणालाच दिलेला असतो. चाळीस दिवसांचं फील्डवर्क मिळालं तर ते सलग संपवू नये. पहिले आठ-दहा दिवस फक्त स्पष्टीकरणं गोळा करायला: ताई, मुकादम, वॉचमन, बोअरवाला, अंगणवाडी सेविका, म्हणजे ज्यांच्या हातून गोष्टी घडतात ते. त्यांची स्पष्टीकरणं संस्थेच्या कागदापेक्षा जास्त असतात आणि बरीच उद्धटही असतात. मग दोन दिवस बसून तक्ता करायचा: प्रत्येक स्पष्टीकरण, ते खरं असेल तर काय दिसेल, खोटं असेल तर काय दिसेल. तीनपेक्षा कमी स्पष्टीकरणं असतील तर पुन्हा बाहेर पडायचं, सातपेक्षा जास्त झाली तर कोणत्याच खुणेने एकमेकांपासून वेगळी ओळखता न येणारी एकत्र करायची. त्यानंतर वीसेक दिवस मोजणी आणि मुलाखती, तक्त्यात लिहिलेल्या खुणांसाठी. प्रश्नावली निम्मी होते, कारण 'असू दे, उपयोगी पडेल' जातीचे प्रश्न आपोआप गळतात.

शेवटचे सहा-सात दिवस हात लावू न देता राखून ठेवायचे. तोवर एखादं स्पष्टीकरण पक्कं वाटायला लागलेलं असतं, आणि ते मोडू शकेल असं ठिकाण कोणतं हेही कळलेलं असतं. कचऱ्याच्या बाबतीत ते एखादं ड्रमवालं टॉवर असेल जिथे वर्गीकरण तरीही उत्तम आहे. तिथे जाऊन बसायचं. कदाचित हाउसकीपिंगच्या सुपरवायझरने मजल्यावर पिशव्या तपासायला सुरुवात केली असेल आणि नकार ताईऐवजी त्याच्याकडून येत असेल, म्हणजे स्पष्टीकरण टिकलं आणि थोडं रुंदही झालं. कदाचित तसं काहीच नसेल. तर तक्त्यातली ती ओळ खोडून, काय दिसलं म्हणून खोडली ते शेजारी तारखेसह लिहायचं आणि ते पान अहवालाला जोडायचं.